गाडी थंड असताना

४ सप्टेंबर

बाबा म्हणतात, गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंट करून दोन दिवस नाही झाले आणि ओढते! तीही माझ्या हातची अलाइनमेंट. जेवताना सांगितलं, माझ्याकडे न बघता, पाण्याच्या पेल्याकडे बघून. "आधी नव्हती ओढत." म्हणजे मीच बिघडवली.

इतकी वर्षं मी दुसरं काय करते? गाडी रॅम्पवर चढवायची, चारी चाकांना क्लॅम्प लावायचे, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे होईपर्यंत पाना फिरवायचा. बाबांच्या गाडीचे सगळे आकडे हिरवे होते. मी पाहिलेत. तरी म्हटलं, उद्या संध्याकाळी दुकानात आणून ठेवा, परवा सकाळी बघते. गाडी थंडच बघायची असते. टायर तापलेले असले की हवा जास्त दाखवतात. दुकानाच्या भिंतीवर तशी पाटी आहे, मीच लावलेली.

माझ्या लेकीला कोणी विचारलं नव्हतं. तरी खारू म्हणाली, "आजोबा शाळेत जाताना स्टिअरिंगशी भांडतात." बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू साक्षीदार मिळाला.

६ सप्टेंबर

सकाळी लवकर जाऊन गाडी घेतली. हवा बरोबर. चाकांचे कोन बरोबर. पुढच्या टायरांची अदलाबदल केली, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. खोट टायरमध्ये असती तर गाडी आता उजवीकडे ओढली असती. नाही ओढली. जॅकवर उचलून चाकं हाताने फिरवली. भिंगरीसारखी फिरली, कुठे घासत नाहीत. डाव्या ब्रेकचं पॅड उजव्यापेक्षा थोडं जास्त झिजलंय. बाबा ब्रेकवर पाय ठेवून चालवतात, त्यानं असेल.

मग दुकानामागच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. तिथे कधीच कोणी नसतं, म्हणून सगळ्या गाड्या आम्ही तिथेच चालवून बघतो. स्टिअरिंगवरचे हात सोडले. सुतासारखी सरळ गेली.

मालकांना सांगितलं. ते हसले. "नाचता येईना अंगण वाकडं, ताई. वय झालं त्यांचं." मला हसू आलं नाही. रागही आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

७ सप्टेंबर

अजून ओढते म्हणतात.

९ सप्टेंबर

दादाचा फोन. बाबांनी त्यालाही गाडीचं सांगितलंय, म्हणजे माझी तक्रार केली. दादा तिकडून म्हणतो, चावी काढून घे सरळ. खारू असते गाडीत, तुला भीती नाही वाटत? उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातं! पण प्रश्न बरोबर होता. भीती वाटायला हवी. मी थोडं थांबून पाहिलं, वाटते का. नाही वाटली.

मार्चमध्ये आई गेली. त्याच दिवशी मी तिच्या उशांचे अभ्रे धुतले, वाळत घातले, संध्याकाळी घड्या करून कपाटात ठेवले. तेव्हापासून सगळं असंच चाललंय. कामं होतात. दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीकडून झालेय. खारूच्या बापाचा वाढदिवस येऊन गेला. तो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या घरात. दर वर्षी चिडचिड व्हायची. या वर्षी दोन दिवसांनी लक्षात आलं.

बाबांचं वेगळं. आई गेल्यावर ते पंधरा दिवस पलंगावरून उठले नाहीत. मग एका सोमवारी खारूची रिक्षा आली नाही, आणि ते उठले, पँट चढवली, तिला गाडीने सोडून आले. दुसऱ्या दिवशी दाढी केली. तिसऱ्या दिवशी रिक्षावाल्याला नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून रोज. चावी काढून घेतली तर ते सकाळी कशासाठी उठतील, हे दादाला फोनवरून कळणार नाही.

पण दर सकाळी त्याच गाडीत खारूही असते. हेही खरंच.

१२ सप्टेंबर

आज सुट्टी टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले. मी पुढे, खारू मागे. चौकापर्यंत गाडी ठीक. मग बाजाराची गर्दी लागली. सिग्नल, गतिरोधक, परत सिग्नल, मध्येच थांबणाऱ्या बसेस. बाबा शिव्या देत नाहीत, "अरे बाळा, अरे बाळा" म्हणतात प्रत्येक आडव्या येणाऱ्याला. दवाखान्याच्या वळणानंतर गाडी खरोखर डावीकडे जायला लागली. "बघ," बाबा म्हणाले. "इथूनच. सुरुवातीला नाही ओढत, इथूनच."

मी म्हटलं, इथे रस्त्यालाच डावीकडे उतार आहे.

आणि मी त्यांच्या हातांकडे बघितलं. डावा हात उजव्यापेक्षा खाली होता. त्याच्या अंगठ्याला किंचित कंप होता. एकदा तो दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना.

खारू उतरली. फाटकापाशी बाबांचा एक जुना विद्यार्थी भेटला, आता स्वतःच्या मुलाला सोडायला येतो. खिडकीशी वाकून बराच वेळ बोलत उभा होता. सर, तुम्ही फळ्यावर हातानं वर्तुळ काढायचात, आम्ही नंतर कंपास लावून बघायचो! बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. असे विद्यार्थी भेटले की त्यांचे कान लाल होतात. तो गेल्यावर बाबा म्हणाले, आता तू चालव, मग कळेल तुला.

मी चालवली, गर्दी टाळून बाहेरच्या मोठ्या रस्त्याने. घरापर्यंत. दोन बोटांनी. तसूभर हलली नाही.

बाबा सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होते. घराजवळ आल्यावर हळूच म्हणाले, "तुझ्या हातात सरळ जाते."

मी गाडी दारात लावली.

१३ सप्टेंबर

आज बाबांनी गाडीबद्दल काही काढलं नाही. खारूला सोडून आले, पेपर वाचला, झोपले.

१७ सप्टेंबर

गाडी फुटपाथवर चढली. शाळेच्या थोडं अलीकडे. पुढचं डावं चाक वर, सायकली लावायचा लोखंडी कठडा वाकला. कठड्याशी तेव्हा कोणी नव्हतं. खारूच्या कपाळाला टेंगूळ आलंय, बाकी काही नाही. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. शाळेतून फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली होते. बाहेर आले, हात पुसले, मालकांना सांगितलं आणि निघाले. वाटेत हात अजिबात थरथरले नाहीत. मी लक्ष ठेवून होते.

खारूला विचारलं, घाबरलीस? म्हणाली, "मी नाही. आजोबा घाबरले. ते मला सॉरी म्हणाले, आणि मग कठड्याला पण म्हणाले."

गाडी दुकानात आणली. उद्या सकाळी बघेन.

१८ सप्टेंबर

थंड गाडी. परत सगळं मोजलं. टायरची एक बाजू फुगली होती, टायर बदलला. मार लागल्याने चाकाचा कोन, म्हणजे टो, जरासा हलला होता, तो जागेवर आणला. चाकं उचलली, फिरवली. मोकळी. मागच्या रस्त्यावर चालवली. सरळ.

घरी गेले तेव्हा बाबा दिवाणखान्यात खुर्चीवर बसले होते, बाहेर जायच्या कपड्यांत. कुठे जाणार होते कोण जाणे.

मी म्हटलं, "बाबा, गाडीत काही नाही. तुमचा हात ओढतो."

हे वाक्य मी वाटेत तयार केलं होतं. चांगलं छोटं केलं होतं. ते बराच वेळ डाव्या हाताकडे बघत बसले, मग तो उलटा करून तळव्याकडे. मला वाटलं होतं, भांडतील. आयुष्यभर माझं एकही ऐकलं नाही या माणसाने. मुलीच्या जातीने गॅरेजमध्ये कशाला, इथपासून सुरुवात आहे. पण नाही. "नक्की?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, तीनदा मोजलंय.

२० सप्टेंबर

सकाळी उठले तर चावी माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलेली. बाबा अजून झोपलेले.

२४ सप्टेंबर

खारू आता शाळेच्या बसने जाते. बाबा उठतात आठनंतर. दाढी वाढलीय, पांढरी, खुंटासारखी.

आज घरी आले तर जुने पेपर जमिनीवर पसरलेले आणि बाबा गुडघ्यांवर बसून रंगाच्या ब्रशने रेघा मारतायत. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, एकाशेजारी एक. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. मला बोलावलं. "ही बघ. अर्ध्यापर्यंत ठीक आहे. मग डावीकडे घसरते. दिसतंय?"

मी वाकून पाहिलं. मलाही घसरलेली वाटली.

२९ सप्टेंबर

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. नाकाला बोट लावा, डोळे मिटून उभे राहा, माझी बोटं आवळा. डॉक्टर म्हणाले, या वयाला इतपत कंप असतो, बाकी मला काही दिसत नाही. पण खबरदारी म्हणून गाडी नको म्हणता, तर नको. बाबांनीच सांगितलं होतं त्यांना सगळं. फुटपाथ, कठडा, रेघा. स्वतःविरुद्ध असे पुरावे देत होते की डॉक्टरांनाही पटायला लागलं! वर म्हणाले, "माझी मुलगी यातली तज्ज्ञ आहे, तिने तपासलंय." यापूर्वी हा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी वापरला नव्हता. मी भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचत बसले.

डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिलाय, दाबायला.

३ ऑक्टोबर

घडी बसली. बाबा आता सकाळी उठतात, खारूला बसच्या थांब्यापर्यंत पायी सोडतात, येताना दूध आणतात. संध्याकाळी परत आणायला जातात. दाढी करणं परत सुरू झालं. दादाचा फोन आला, म्हणाला, बघ, उगाच घाबरत होतीस. शाबासकी दिली मला. गाडी मी नेते कामाला. बाहेरच्या मोठ्या रस्त्याने, कुठे थांबावं लागत नाही. आधी दोन बस बदलून जायचे, कंबरडं मोडायचं. आता निवांत. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

१० ऑक्टोबर

आज खारूची बस चुकली. चित्रांची वही सापडत नव्हती आणि ती सापडल्याशिवाय बाईसाहेब निघेनात. मी म्हटलं चल, मी सोडते. पहिल्यांदाच गाडी शाळेच्या रस्त्याने नेली. म्हणजे बाबा शेजारी नसताना पहिल्यांदा.

बाजारात नेहमीची गर्दी. सिग्नल, ब्रेक, गतिरोधक, ब्रेक. दवाखान्याचं वळण घेतलं आणि गाडी डावीकडे गेली.

मी स्टिअरिंग उजवीकडे धरलं. ती तरी डावीकडे. मागून खारू सहज म्हणाली, "आजोबांसारखीच करतेय." तिला काहीच नवल वाटलं नाही.

तिला उतरवलं. फाटकापाशी कोणाशी बोलत बसले नाही. लगेच खाली उतरून पुढच्या चाकांना हात लावला. उजवं कोमट. डाव्याला हात लावून धरवेना. जळका वास येत होता. तिथेच जॅक काढला आणि पालकांच्या गाड्या मागे हॉर्न मारत असताना चाक उचललं. फिरेना. दोन्ही हातांनी नेट लावला तर जेमतेम हललं.

मग फुटपाथवर बसून राहिले. वाहतुकीचा हवालदार येऊन ओरडून गेला. अर्ध्या तासाने परत हात लावला. चाक भिंगरीसारखं फिरत होतं.

११ ऑक्टोबर

ब्रेकची रबरी नळी. बाकी काही नाही. पाय दाबला की तेलाचा दाब त्या नळीतून चाकापर्यंत जातो, पाय काढला की परत यायला हवा. डावीकडची नळी आतून सुटली होती. दाब जायचा, पण यायचा नाही. दर ब्रेकला थोडा थोडा अडकून राहायचा, शाळेपर्यंत डावं चाक करकचून धरलं जायचं. मग गाडी उभी राहिली की हळूहळू झिरपून मोकळी. रात्रभर उभी राहिली तर काय, नव्यासारखी. खात्री करायला मी आज दुकानात येण्याआधी मुद्दाम बाजारातून फिरवून आणली आणि गरम असतानाच चाकाजवळचा छोटा नट सैल केला. तेल पिचकारीसारखं उडालं आणि चाक सुटलं. नळी काढून उभी चिरली. बाहेरून ठणठणीत. आतलं रबर जिभेसारखं लोंबत होतं.

मी दर वेळी थंड गाडी तपासली. दर वेळी त्या मागच्या रस्त्यावर, जिथे ब्रेक लावायची वेळच येत नाही. सुरुवातीला नाही ओढत, इथूनच ओढते, असं माणूस सांगत होता. मी रस्त्याचा उतार दाखवला! डावं पॅड जास्त झिजलेलंही दिसलं होतं. ब्रेकवर पाय ठेवून चालवलं तर दोन्हीकडची पॅडं झिजतात. नवीन माणूस कामाला आला की हे मी त्याला पहिल्या आठवड्यात शिकवते.

चोर सोडून संन्याशाला फाशी.

मला लाज वाटतेय. मार्चपासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते हे.

नवी नळी घातली. दोन्हीकडची बदलली. बाजारातून फिरवली, दवाखान्याच्या पुढेपर्यंत नेली. सरळ. मालकांनी विचारलं, काय निघालं? म्हटलं, काही नाही, जुनी झाली होती.

उद्या रविवार आहे. सकाळी बाबांना सांगते आणि चावी हातात देते.

१२ ऑक्टोबर

सकाळी ते खारूबरोबर बाल्कनीत होते. चेंडू दाबायचा व्यायाम तिला शिकवत होते. दोघं हसत होते. म्हटलं, दुपारी.

दुपारी झोपले.

१३ ऑक्टोबर

नाही सांगितलं. कामावरून उशीर झाला.

१४ ऑक्टोबर

उशीर वगैरे काही नाही. खोटं कशाला लिहू, इथे तरी.

सांगितलं तर ते उद्यापासून परत चालवणार. खारू मागच्या सीटवर. आज नळी होती. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, खरंच हात असेल. तेव्हा परत हे सगळं करायचं? आणि तेव्हा ते माझं ऐकतील? या वेळी ऐकलं, कारण मी तीनदा मोजलं म्हणाले. तिन्ही वेळा चुकले, हे कळलं तर पुन्हा कधी ऐकणार नाहीत. आणि दोन बस बदलून कामाला जायचं. हेही आहेच. ते या सगळ्याच्या तळाशी आहे की वर, मला सांगता येत नाही.

बाबा फिरायला गेले होते तेव्हा त्यांनी जपून ठेवलेले पेपर काढले. रेघांचे. स्वयंपाकघरातल्या मेजावर एक पसरला आणि खारूच्या दप्तरातली मोठी पट्टी लावली. एक रेघ, दुसरी, तिसरी. उजव्या हाताच्या, डाव्या हाताच्या. पट्टीला चिकटून होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पंचाहत्तरीचा माणूस, गुडघ्यांवर बसून!

पेपर होते तसे ठेवून दिले. आज सांगणार. आल्यावर लगेच.

१५ ऑक्टोबर

काल फिरून आल्यावर त्यांनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि मी म्हटलं, "बाबा, एक सांगायचंय." ते थांबले. चेहरा एकदम उतरला. वाटलं असेल, आता हिने आणखी काय शोधून काढलं माझ्यात. मी म्हटलं, दूध संपलंच होतं, बरं झालं आणलंत.

२० ऑक्टोबर

खारूला बसवर सोडून बाबा आले. चपला काढता काढता म्हणाले, "बरं झालं तू वेळेवर ओळखलंस. मी तर गाडीलाच दोष देत बसलो असतो."

मला तिथेच, ओट्यापाशी, रडू फुटलं. थांबेना. हातातलं भांडं खाली ठेवायचंही सुचेना. बाबा घाबरून आत आले, मग जवळ उभे राहून पाठीवरून हात फिरवत राहिले.

"आईची आठवण आली?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.